काठाची निळी पट्टी

"डबा तूच हलवलास," कप्तान म्हणाली. "दुसरं कोण होतं तिथे?"

आत्याच्या छपाईच्या खोलीत चौघंही ट्रेवर वाकली होती. ट्रेमधल्या पाण्यात तळ्याचं रंगीत चित्र तरंगत होतं. टेकडी हिरवी, दगड करडे, काठावरचं झाड पान न् पान मोजावं इतकं स्पष्ट. फक्त पाण्याच्या काठाला एक निळी पट्टी आणि तिच्याखाली एक जांभळी पट्टी उमटली होती, आणि चार दिवसांच्या मेहनतीची माती झाली होती.

"मी हातसुद्धा लावला नाही," धांदल म्हणाली. "पाणी मागे सरकत होतं. मी तेव्हाच सांगितलं तुला."

"हो, पाण्याला पाय फुटले होते ना!"

शेपूट खो खो हसला. आत्या हसली नाही, पण "असू दे ग, होतं असं कधीकधी," एवढं म्हणाली, आणि धांदलला तेच जास्त लागलं.

आता ही नावं कशी पडली ते सांगायला हवं. धांदल ही कप्तानच्या काकांची मुलगी, वय अकरा. तिच्या हातून काही सांडलं नाही असा दिवस अजून उगवायचा होता. कप्तान तेरा वर्षांची, आणि सुट्टीतल्या प्रत्येक बेतावर तिचं राज्य. शेपूट तिचा धाकटा भाऊ, कायम तिच्या मागे. खरी नावं होती, पण ती शाळेच्या दाखल्यावर.

आत्याच्या कॅमेऱ्याला भिंग नव्हतंच. एक लाकडी डबा, पुढच्या पत्र्याला सुईने पाडलेलं भोक, मागे फिल्म सरकवायची खाच. भोकापुढे लाल काच ठेवून एक फिल्म घ्यायची, हिरवी ठेवून दुसरी, निळी ठेवून तिसरी. मग जाड कागदावर डिंक, रंग आणि एका औषधाचा लेप द्यायचा, त्यावर फिल्म ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. पहिली फिल्म निळ्या रंगात, दुसरी गुलाबी आणि तिसरी पिवळ्या रंगात छापायची. तीन थर एकमेकांवर चपखल बसले तर खरे रंग येतात, आणि डबा केसभर जरी सरकला तरी सगळं मुसळ केरात.

डबा गुरुवारी तळ्याकाठच्या दगडाला आवळला होता. ढगाळ हवा होती, सावल्यांची भानगड नव्हती. आठला एक फिल्म, दहाला दुसरी, बाराला तिसरी. मधल्या वेळात आत्या घरच्या अंधाऱ्या खोलीत नवी फिल्म भरून आणायची आणि डब्याशी कुणीतरी पहारा करायचा. पहारा आळीपाळीने ठरला होता. पण कप्तानला कंटाळा आला आणि तिने सगळ्या पाळ्या धांदलवर ढकलल्या. ही गोष्ट ट्रेभोवती कुणी काढली नाही. कप्तानने तर नाहीच नाही.

संध्याकाळी धांदलने घरी फोन केला, आणि दिवेलागणीला काका येऊन तिला घेऊन गेले. अजून दहा दिवसांची सुट्टी बाकी होती. जाताना ती शेपटाला टाटा करून गेली, कप्तानकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चित्र वाळलं. शेपूट भिंगातून ते बघत बसला होता.

"ताई, दगडाला का नाही ग निळी पट्टी?"

"कुठल्या दगडाला?"

"कुठल्याच दगडाला नाही. झाडालापण नाही. डबा हलला तर सगळंच हलेल ना?"

कप्तानने भिंग हिसकावून घेतलं. दगडाच्या कडा स्वच्छ होत्या. झाडाचं खोडही स्वच्छ. रंग फुटला होता तो फक्त पाण्याच्या काठाला. म्हणजे आठ वाजता जिथे गडद पाणी होतं तिथे दहाला फिकट वाळू उघडी पडली होती, आणि बारापर्यंत आणखी थोडी. डबा तसूभरही हलला नव्हता. हललं होतं ते पाणी, आणि धांदल तेच तर सांगत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि ती देणारी कप्तान स्वतः होती. तिला एकदम रडू आलं.

"आपण तिला बोलावू या?" शेपूट म्हणाला.

"कुठल्या तोंडाने? आधी पाणी जातं कुठे ते शोधू."

तळं आटतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं. ऊन फार आहे म्हणे. मंगळवारी आणि बुधवारी दोघांनी काठाला काड्या रोवल्या, तर पाणी दिवसाला बोटभरही हललं नाही. मग गुरुवारी त्यांनी आत्याच्या रंगात बुडवलेल्या तीन खुंट्या नेल्या. आठ वाजता पाण्याच्या कडेला निळी ठोकली, दहाला गुलाबी, बाराला पिवळी. निळीपासून पिवळीपर्यंत कप्तानची चार पावलं झाली.

बांधाच्या पलीकडे झुडपांत पाण्याचा आवाज येत होता. खाली उतरून पाहिलं तर तळाच्या झडपेचं चाक सताड उघडं, आणि पाणी ओढ्यात धो धो चाललेलं. दोघांनी चाकाला लोंबकळून पाहिलं, ते जागचं हललं नाही. वरच्या चौकीत राखणदार तोंडावर टोपी ठेवून घोरत होता. हाका मारल्या तर कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

पाणीखात्याचे साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, "बाळ, ऊन पाणी पितं."

"साहेब, ऊन फक्त गुरुवारीच पितं का?" कप्तानने विचारलं आणि चित्र त्यांच्या फायलीवर ठेवलं. "आणि चित्रातला हा गुरुवार तर ढगाळ होता. तळाची झडप आत्तासुद्धा सताड उघडी आहे."

साहेबांनी मान वर केली. पाच मिनिटांत जीप निघाली.

राखणदार डोळे चोळत उठला. "आत्ताच उघडलं, साहेब. गाळ काढायला. गुरुवारी उघडतोच ना. पाच मिनिटं झाली असतील."

"पाच मिनिटांत चिखल वाळतो का?" कप्तान म्हणाली आणि त्यांना काठावर घेऊन गेली. पिवळ्या खुंटीपाशी साहेबांचा बूट घोट्यापर्यंत रुतला. निळ्या खुंटीपाशी माती कोरडी ठणठणीत होती. राखणदार खाली बघायला लागला. दर गुरुवारी झडप उघडून तो जेवायला आणि झोपायला जात होता, आणि उतरत्या उन्हात आठवण झाली की बंद करत होता.

चाक बंद झालं. शनिवारी चित्र बघायला आत्याकडे माणसं जमली. साहेबांनी कप्तानच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! आम्हां मोठ्यांना जे दिसलं नाही ते या पोरीला दिसलं."

"मला नाही दिसलं," कप्तान म्हणाली. "माझ्या बहिणीला दिसलं. तिने सांगितलं, आणि आम्ही हसलो."

आत्या हळूच म्हणाली, "मीसुद्धा त्यातलीच." ते चित्र तिने पुन्हा छापलं नाही. पट्ट्यांसकट भिंतीवर लावलं.

संध्याकाळी कप्तानने फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं, तेव्हा ती धांदल म्हणाली नाही. दाखल्यावरच्या खऱ्या नावाने तिने हाक मारली.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. या घरातून त्या नावाने तिला कुणी हाक मारलीच नव्हती.

"मी. ताई. डबा हलला नव्हता. पाणीच सरकलं होतं."

"मी सांगितलं होतं."

"हो. चुकलं माझं. मी पहाऱ्याला बसले असते तर मलाही दिसलं असतं."

पलीकडे काहीतरी खळकन फुटलं आणि काकू ओरडल्याचं ऐकू आलं. एरवी कप्तान हसली असती.

"येतेस का? अजून चार दिवस आहेत सुट्टीचे."

"आता नको, ताई," ती म्हणाली. "पुढच्या सुट्टीत बघू."

कप्तानने फोन ठेवला आणि चित्रासमोर जाऊन उभी राहिली. शेपूट मागोमाग आला.