ऊनदुधाची साय

मे महिन्यातल्या दुपारी विहा गुंडावार स्वेटर घालून दवाखान्यात आली. तिला आठवा महिना लागला होता. चंद्रपुरात एके काळी या दिवसांत उन्हाने माणसं दगावत, हे ती शाळेत शिकली होती. आता आभाळ बारा महिने पातळ ताकासारखं पांढुरकं असे. दुसरं आभाळ तिने पाहिलेलंच नव्हतं.

"ओठांभोवती बधिर वाटतं," ती डॉक्टर तनुजा मेश्रामना म्हणाली. "बोटांना मुंग्या येतात. चालताना कंबर दुखते. आणि मॅडम, बाळ लाथ मारतं ते कळतं, पण आनंद वगैरे काही होत नाही."

तनुजा नुसत्या डॉक्टर नव्हत्या. ज्या शास्त्रज्ञांनी ऊनदूध तयार केलं, त्यांच्यात त्या होत्या. तपासणीत विहाच्या रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच, आणि हे त्यांना पटत नव्हतं.

"ऊनदूध घेता ना?"

"रोज दोन पेले. एकदाही चुकवलं नाही."

ऊनदूध म्हणजे काय, हे त्या काळात पोरासोरांनाही ठाऊक होतं. आपल्याला सांगावं लागेल. पृथ्वी फार तापली तेव्हा सगळ्या देशांनी मिळून आभाळात खूप उंचावर बारीक कणांचा थर पसरवला. त्याला छत्र म्हणत. छत्राने पिकं वाचली, माणसं वाचली. पण उन्हातले अतिनील किरण त्या कणांनी गिळले. हेच किरण कातडीवर पडले की शरीर आपोआप ड जीवनसत्त्व बनवतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ राहतात. आपल्या आज्या-पणज्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. अंगण झाडता झाडता काम होऊन जायचं. छत्र आल्यावर ऊन ताटातून मिळवणं भाग पडलं. मासे आणि अंडी सगळे खात नाहीत. सरकारने आधी गोळ्या वाटल्या, तर घाबरलेल्या लोकांनी त्या मूठमूठ गिळल्या. ड अंगात साठत जातं आणि फाजील झालं की मूत्रपिंडं बिघडवतं. मग गोळ्या फक्त डॉक्टरांच्या हाती ठेवून ड दुधात घातलं गेलं, आणि गरोदर बायकांच्या दुधात जास्त. शहाण्या माणसांनी सगळा विचार केला होता. फक्त आपल्या स्वयंपाकघरात डोकावायचं राहिलं.

"दूध घरी आल्यापासून काय काय होतं ते सांगा," तनुजा म्हणाल्या.

"आई, म्हणजे सासूबाई, तापवतात. निवलं की साय काढतात. मग मला देतात."

"साय काढतात?"

"सगळेच काढतात ना, मॅडम. पोटुशीला साय जड पडते म्हणतात."

तनुजांच्या स्वतःच्या घरीही रोज साय काढली जात होती.

"विहा, ड पाण्यात विरघळत नाही. स्निग्ध पदार्थात विरघळतं. दूध तापवून ठेवलं की ते सायीबरोबर वर येतं. तुमच्या पेल्यात फार थोडं उरत होतं." मग त्यांनी घाईने विचारलं, "त्या सायीचं तूप करत असतील. ते तुम्ही खाता ना? वरणभातावर?"

"कोणीच खात नाही. ते देवाचं. दिवस राहिल्यापासून आईंनी नंदादीप लावलाय. बाळ सुखरूप येऊ दे म्हणून."

म्हणजे बाळाच्या वाट्याचं ऊन बाळासाठीच जाळलं गेलं होतं. तनुजांना रडू आलं. विहाला आलं नाही.

"बाळाचं काय?" तिने विचारलं.

"शेवटच्या तीन महिन्यांत त्याची हाडं भरतात. तुमच्या हाडांतून त्याने कॅल्शियम ओढून घेतलं असणार, पण पुरलं असेल असं नाही. आजपासून डोस माझ्यासमोर घ्या. जेवढं भरून निघेल तेवढं."

घरी सासूबाई, प्रणालीबाई, देवघरात वाती वळत होत्या. विहाने हवामान सांगावं तसं सगळं सांगितलं.

"काहीतरीच," प्रणालीबाई म्हणाल्या. "माझ्या सासूनं मलेही असंच तं पाजलं, साय काढून. माझ्या पोराले काय झालं?"

"तेव्हा ऊन होतं, आई."

प्रणालीबाईंच्या हातातला कापूस तिथेच राहिला. त्यांनी खरं ऊन पाहिलं होतं. त्यांनी वाद घातला नाही, डोळ्याला पदरही लावला नाही. उठून समईतलं तूप काढलं, तेल घातलं आणि डब्यातलं तूप विहाच्या भातावर वाढलं. विहाने ते गिळलं. त्यानंतर दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलू लागल्या.

मला वाटतं, छत्राने केलेलं खरं नुकसान हे आहे. ऊन आभाळात होतं तोवर ते कमी पडल्याचा दोष कोणाच्या माथी जात नव्हता. आता ते पातेल्यात आलं होतं, आणि पातेलं कोणाच्या तरी हातात असतंच.

मुलगी झाली. तनुजांनी तिच्या डोक्यावर अलगद बोट टेकवलं, तर कानामागचं हाड आत दबलं आणि परत वर आलं. "उपचाराने घट्ट होईल," त्या म्हणाल्या. "पाय वाकतात का ते मात्र चालायला लागल्यावरच कळेल. तोवर फार जपून हाताळा."

गल्लीतलं प्रत्येक तान्हं मूल प्रणालीबाईंच्या पायांवर न्हालेलं. बाळ घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्या न्हाणीत पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय लांब केले. तेलाची वाटी जवळ होती, पाण्याला वाफ होती.

"दे, बाई."

विहा बाळाला घेऊन दारात उभी होती. "तुमच्या हातानं नको, आई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. आपल्याला राग येईल, निदान वाईट वाटेल, म्हणून ती क्षणभर थांबली. दोन्हींपैकी काहीच झालं नाही.

"बरं," प्रणालीबाई म्हणाल्या. त्यांनी पाय आवरले, भिंतीला धरून उठल्या आणि बाहेर आल्या.

विहाला न्हाऊ घालता येत नव्हतं. पाटावर बसून तिने पाय लांब केले आणि बाळाला त्यांवर ठेवलं. ते घसरलं, किंचाळलं. दारात उभ्या प्रणालीबाईंचे हात पुढे आले आणि त्यांनी ते पदराखाली दाबून धरले.

"डोक्याखाली तळवा ठेव," त्या तिथूनच म्हणाल्या. "असा नाही. बोटं फाकव. आता तेल लाव. हळू, बाई. तिथं मऊ आहे."