होडी दर्यात असताना

दर्यानगरच्या आधार केंद्रात सकाळपासून भिंतीवरचा दिवा हिरवा होता आणि केंद्र चालवणाऱ्या रेहाना सय्यदला तो बघवत नव्हता. एरवी हिरवा म्हणजे चांगलं. इथं मात्र उलटी गंगा. दिवा हिरवा म्हणजे वस्ती रुजली, आणि वस्ती रुजली म्हणजे केंद्राचं सरकारी अनुदान बंद.

समुद्राने करंजखोल गाव गिळलं, तेव्हा तिथल्या कोळ्यांना सरकारने जालन्याच्या माळावर आणून वसवलं. प्यायला टँकर, आणि वस्तीचं नाव दर्यानगर! सरकारलाही अधूनमधून विनोद सुचतो म्हणायचा. केंद्र मात्र मनापासून चालायचं. पोरांच्या शाळाप्रवेशापासून मनाच्या डॉक्टरांपर्यंत सगळं रेहाना बघायची. पण विस्थापितांना असा आधार कुठवर द्यायचा, यावर वरती वाद होऊ लागले आणि ते मिटवायला 'रुजमापक' आला.

तव्याएवढं यंत्र ते. वस्तीतलं माणूस बोललं की ते शब्दांकडे लक्षच देत नसे, फक्त आवाजातला कंप मोजत असे. जीव धास्तावला की गळ्याचे स्नायू आखडतात आणि आवाज थरथरतो, कानाला कळणारही नाही इतका बारीक. थरथर वाढली की दिवा लाल. माणूस खोटं बोलेल पण गळा बोलणार नाही, असा त्याचा लौकिक होता.

"अभिनंदन, मॅडम," विभागाचे अधिकारी तुषार वानखडे म्हणाले. "इतकी शांत वस्ती अख्ख्या राज्यात नाही."

"कसली शांत, साहेब? वस्तीतली ती रेवती बघा, गाव गेल्यापासून मनाचे डॉक्टर समोर येऊन बसले तरच दोन घास खाते. ते यायचे थांबले तर पोरगी हातची जाईल." रेहानाचा आवाज कापत होता. दिवा ढिम्म हिरवा.

"तुमचा आवाज तो धरत नाही. तुम्ही इथल्याच ना, विस्थापित थोड्याच."

तेवढ्यात रेवतीची सासू चांगुणाबाय ताट घेऊन आली. भाकरी आणि सुकटाची चटणी. पाहुण्याला उपाशी जाऊ देणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"खा, साहेब. तुमच्या इथल्या उन्हात सुकट लई झकास वाळते. त्याबिगर दुसरं काय चांगलं गावलं नाय मला," ती हसत म्हणाली. वानखडेही हसले. दिवा हिरवागार.

"मावशी, हरेश्वर दिसला नाही," रेहानाने विचारलं. हरेश्वर म्हणजे चांगुणाबायचा एकुलता एक मुलगा, रेवतीचा नवरा.

"परवा गेला ना, मैतराच्या होडीवर. इथं करमत नाय त्याला. वादळ उठलंय म्हणतात. फोन लागत नाय." भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. वर कांदा हवा का म्हणून साहेबांना विचारलं.

रेहानाने तिचा हात धरला. "मावशी, पोटचा पोर वादळात आहे आणि तुम्ही हसताय?"

"मग काय रडू? होडी दर्यात असताना घरच्या बाईने आवाज हलवायचा नसतो गो. आवाज हलला की तिकडे त्याचा सुकाणूवरचा हात हलतो. आमच्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. जितकी भीती मोठी, तितका आवाज थंड."

वानखड्यांचा घास हातातच राहिला.

"आणि वस्तीतल्या बाकीच्यांचं काय?" रेहानाने हळूच विचारलं. "त्यांचं तर कुणी दर्यात नाही."

"नाय कसं? गाव सोडलं त्या दिवसापासून आमी सगळीच दर्यात. कुणाचीच होडी अजून किनाऱ्याला लागली नाय."

रेहानाने दिव्याकडे पाहिलं. एवढे दिवस यंत्र ज्याला शांती म्हणत होतं, ती अख्ख्या गावाची कोंडलेली किंकाळी होती. संताप आला तिला, यंत्राचा आणि त्याहून जास्त, हे इतके दिवस न ओळखणाऱ्या स्वतःचा.

"साहेब, आता तरी लिहा हे."

"लिहीन. पण रिवाज मोजायला रकाना नाही, मॅडम." वानखड्यांनी मान खाली घातली. "एकाचा जरी आवाज लाल आला, तर फेरमोजणीचा आदेश मी इथल्या इथं काढतो. तोवर केंद्र चालू राहील. नाहीतर उद्यापासून कुलूप." मग चाचरत ते चांगुणाबायला म्हणाले, "आजी, एकदाच... मनात आहे तसं बोला. वाटल्यास रडा."

चांगुणाबायने खिडकीतून समोरच्या खोलीकडे पाहिलं. उंबऱ्यावर रेवती बसली होती, ताटातल्या भाकरीला हातही न लावता.

"म्हणजे रडले तर सून वाचंल," ती सावकाश म्हणाली. आवाज अजून थंडच होता. "आणि माझ्या रडण्यानं तिकडे पोराचा हात हलला, तर ते तुमच्या यंत्रात कुठं दिसंल, साहेब?"

वानखड्यांनी ताट बाजूला सरकवलं. रेहाना असल्या रिवाजांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती, पण त्या क्षणी तिलाही तो विचार झटकून टाकता येईना.

चांगुणाबायने पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं आणि खोल श्वास घेतला. तिचे ओठ हलू लागले. रेहाना दिव्याकडे बघत राहिली. तिला कळेना, आता दिवा लाल व्हावा म्हणून दुवा मागायची, की हिरवाच राहावा म्हणून?