सातवा टेक

एखाद्या स्कॉटिश कादंबरीवर शॉर्ट फिल्म करायची असेल, तर त्यात ऋचाला घेऊ नका. माझी मैत्रीण आहे म्हणून हक्काने सांगते.

२०१६चा जुलै. मीडिया स्टडीजची फिल्म सोमवारी द्यायची होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मी डिरेक्टर झाले होते. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी, इयर नाइनमध्ये, वर्गात तोंडही न उघडणारी मी! मधुकरकाकांचं हिल्सबरोचं घर भाडेकरू गेल्यामुळे रिकामं होतं. शनिवारी चारपर्यंत मिळालं. खिडकीतून ड्राइव्हवे, त्यापलीकडे खाली मनुकाऊ हार्बरचं करडं पाणी. तेच आमचं स्कॉटलंड.

शेवटचा सीन सोपा होता. कोळ्याची बायको ताटं मांडते, नवऱ्याशिवाय परतलेली होडी खिडकीतून बघते आणि तिचा हात थांबतो. रडायचंसुद्धा नाही.

पहिल्या टेकला ऋचा हसली. दुसऱ्याला चुलीच्या धुरासाठी लावलेल्या धुपाने स्मोक अलार्म बोंबलला. तिसऱ्याला शालीखाली तिच्या पायातले रबरी जँडल्स दिसले. चौथ्याला ती परत हसली, पाचव्याला कॅमेऱ्यामागचा आरव. सहाव्याला ती ताट हातात घेऊन म्हणाली, "स्वरदा, आय एम सो हंग्री." तेवढ्यात काका किल्ली मागायला आले. मी इतकी वैतागले होते की आरवच्या आईच्या गाडीत सामान भरतानाही खेकसत होते.

रविवारी सकाळी कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं. क्लिप्स सात होत्या.

सातव्या क्लिपमधल्या पाटीवर 'टेक ७', माझ्याच अक्षरात. ऋचा ताट ठेवते, वळते, थांबते. तब्बल दोन मिनिटं. पापणी लवत नाही. मी खुर्चीत नाचले. फिल्म वाचली होती! लगेच तिला फोन करून विचारलं, एवढं येत होतं तर सहा वेळा छळलंस कशाला?

ती म्हणाली, "सातवा कुठला? सहाव्यानंतर आपण निघालो ना."

आरवने तर कॅमेरा स्वतः बॅगेत भरला होता. पण क्लिप आहे ना, मग वापर, असं त्याचं म्हणणं.

वापरणारच होते. दुसरं होतं काय? फक्त चेहरा जरा काळा आला होता. ब्राइटनेस वाढवला.

तिच्यामागची खिडकीही उजळली.

बाहेर आरवच्या आईची गाडी. डिकीत ट्रायपॉड कोंबणारा आरव. त्याच्यावर खेकसणारी मी.

आमच्या शेजारी ऋचा.

ती खिडकीकडे बघून हात हलवत होती.