हँडलवरचा दुपट्टा

दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात भूतखेत कोनी मानत नाई. मी बी मानत नाई. तवा हासू नको पोरी, कंदील जवळ घे अन् गुपचूप ऐक.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात आसेगावच्या माळावर धातूचे गोटे दळाची गिरनी बसवली होती. गोटे भंडाऱ्याकडून ट्रकनं येत. दौलतराव साहेबानं सारी गिरनी कागदावर काढलेली, अन् तिची चाचनी चालू होती. लोखंडी पिंप फिरे, आतले गोळे गोटे फोडत. गाळ चाळनीवर आला की बारीक पुढं जाय, जाडं फिरून पिंपात. माया नवरा पुंजाजी पिंपात शिरून आतल्या पट्ट्या आवळे. तिथली रीत होती : आत जानाऱ्यानं आपला खांद्यावरचा दुपट्टा स्विचच्या हँडलले बांधाचा, अन् बाहेर आला की त्यानंच सोडाचा. दुपट्टा हाय तवर गिरनी चालू कराची नाई, दुसऱ्यानं हात लावाचा नाई.

एक दिवस पुंजाजी आत गेला, तो फिरून दिसलाच नाई. मोठे पाहुने आलते, साहेबाले गिरनी चालू करून दाखवाची घाई. मागून गिरनीवरच्या रऊफ मिस्त्रीले दुपट्टा कोपऱ्यात फेकलेला सापडला, तो त्यानं मले आनून देला. साहेब म्हने, "पळून गेला तुझा नवरा." पोलिसानंबी तेच लिवलं. माया लेकराले गाव पळपुट्याचं पोरगं म्हनाले लागलं. मुडदा बसवला त्या साहेबाचा!

महिन्याभरानं मी पुंजाजीच्या चपला आनाले गेली. भर दुपार, लाईन गेलेली, गिरनी चूप. ओल्या गोट्याचा वास येऊन राह्यला होता. साहेब एकटाच चाळनीपाशी उभा.

"पळनारा मानूस चपला ठेवून जाते काय, साहेब?"

"नवीन घेतल्या असतील, बाई... जा आता."

तेवढ्यात मले हँडल दिसलं. त्याले दुपट्टा बांधलेला. त्याच्यावर माया हातचं ठिगळ. अन् तो तं मी घरी पेटीत कुलपात ठेवला होता, चाबी माया कमरेले!

पिंपातून आवाज आला. टक... टक टक. काम झालं की पुंजाजी पाना ठोके, तसाच.

"कोणी... कोणी बांधला हा?"

"पळालेल्या मानसाचा हाय नं, साहेब? मंग सोडा! भेता कायले?"

त्यानं हात नेला, मागं घेतला. टक... टक टक. मंग मटकन खाली बसला अन् पिंपाच्या तोंडाशी रडाले लागला, "पुंजाजी... बाहेर ये रे... मी नाही चालू करत आता..."

रऊफ मिस्त्रीनं दारातून सारं ऐकलं. पन ऐकून काय होते? साहेब बदली घेऊन गेला, पोलिसाचा कागद तसाच राह्यला. माया पोरगा अजूनबी पळपुट्याचाच.

त्या दुपारी हँडलवरच्या दुपट्ट्याले मी हात लावला नाई. चपला घेऊन घरी आली, पेटी उघडली. दुपट्टा आतच, घडी घातलेला. घामानं चिंब ओला.

त्यानंच सोडला असन. म्हंजे तो बाहेर आला, पोरी... अन् तवापासून कुठं हाय?