वळणावरून परतलेले पाहुणे

कोकरू भट्टीत खरपूस झालं होतं. खाटांवर घडीच्या चादरी पडल्या होत्या. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं, ते पाहुणे शेजारच्या सराईवाल्या रूसकाच्या अंगणात बसून गात होते.

त्सोनाला आधी वाटलं, कान वाजतायत. ती ओट्यावर आली. उन्हं उतरली होती, समोरच्या टेकडीवर टर्नोवो शहराचा किल्ला तांबडा पडला होता, आणि दोन कुंपणांपलीकडून गाणं येत होतं. संथ, जड, एका सुरात. शंका घ्यायला जागाच नव्हती.

महिनाभर ल्युबेन फोन करत होता. ल्युबेन म्हणजे त्या गाणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. किल्ल्यात त्यांचा कार्यक्रम, पण शहरातल्या हॉटेलात राहायचं नाही. "आजी, खाली दगड, वर लाकूड, असं खरंखुरं घर हवं," म्हणाला होता. एकीचे गुडघे दुखतात, तिला खालची खोली. एकाला खिडकी उघडी लागते, दुसऱ्याला बंद, म्हणून दोघं वेगळे. गाण्याआधी लसूण वर्ज्य. त्सोनाने जन्मात पहिल्यांदा लसणाशिवाय कोकरू भाजलं होतं. ते आता थंड होत होतं.

तिने फोन लावला.

"ल्युबेन, कुठे आहात तुम्ही?"

"आजी..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "आमची काळजी सोडा. आमची सोय झाली. तुम्ही धीर धरा. देव तुम्हाला बळ देवो."

फोन बंद.

"बळ देवो म्हणे!" त्सोना भट्टीकडे बघून ओरडली. "पाठीत सुरा खुपसायचा आणि वर विचारायचं, दुखलं का!"

माडीवर हॉलंडचे म्हातारा-म्हातारी तेवढे होते. ते त्याच दुपारी, त्याच रस्त्याने, कुणाला न विचारता आले होते. दोघांनी कोकरू पोटभर खाल्लं आणि अंगठे वर केले. त्सोनाला ते अंगठेसुद्धा टोचले.

*

तसं त्सोनाच्या कारभारात बोट ठेवायला जागा नसे. नवरा गेंचो गेला त्याला वर्ष होत आलं होतं. डोक्यावरचा काळा रुमाल अजून उतरला नव्हता, घरात रेडिओ लागला नव्हता. गावात कुणी गेलं की काळ्या चौकटीत त्याच्या फोटोचं पत्रक भिंतीभिंतीवर लागतं, आणि वर्ष भरत आलं की पुन्हा लागतं. नाहीतर लोक म्हणतात, विसरली बाई. त्सोनाने चर्चच्या दारापासून गावात शिरतानाच्या वळणावरच्या खांबापर्यंत वर्षाची पत्रकं स्वतः चिकटवली. सरपंचाच्या बापाची होती त्यापेक्षा मोठी.

ते झाल्यावर पाहुण्यांच्या मोसमाची तयारी. भिंतींना चुना, जिन्याला नवी फळी, वळणावर "तुतीची सराई" अशी नवीकोरी पाटी. पाटी जावई स्तोइलने ठोकली. रूसकाच्या पाटीच्या वर. त्सोनाच्या घरातलं काही रूसकाच्या खाली राहत नाही.

आणि आता हे.

सकाळी पावाच्या दुकानापुढे रांग होती. रूसका पुढे उभी, हातात दोन पिशव्या. सरपंच दोब्री तिच्या मागे.

"दोन पिशव्या पुरतील का गं?" त्सोना रांगेच्या टोकावरून म्हणाली. "चोरलेल्या पाहुण्यांना भूक फार लागते म्हणतात."



"अक्का, काय बोलतेस?" रूसका वळली.

"वळणावर उभी राहून माझी माणसं वळवलीस. काय सांगितलंस त्यांना? त्सोनाकडे ढेकूण आहेत? तुझी आई शेजाऱ्यांच्या कोंबड्या वळवायची. तू एक पायरी वर चढलीस."

कुणीतरी हसलं. रूसका हसली नाही. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"चोरानं गावात दार उघडं ठेवू नये," ती हळू म्हणाली. "सरपंच, शनिवारी या. सराईची किल्ली तुमच्या हातात देते आणि लेकीकडे बुर्गासला जाते. कायमची."

"जा की!" त्सोना म्हणाली. "तोवर मी पुरावा आणते. उगाच बोलले असं कुणी म्हणायला नको."

*

स्तोइल टर्नोवोला पोलिसात होता. चोराला भीत नसे, सासूला भीत असे. त्सोनाने त्याला गणवेशात बोलावलं, रूसकाच्या अंगणात उभं केलं, आणि प्रश्न मात्र स्वतः विचारले.

"माझे पाहुणे तुझ्या दारात कसे आले?"

"गाडीने."

"बोलावलं कुणी?"

"कुणी नाही. फाटकाशी उभे राहिले. जागा आहे का म्हणाले."

"माझ्याकडे येणार होते, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं. त्यांनीच सांगितलं."

"मग त्यांना माझ्या दारात का नाही पाठवलंस?"

रूसकाने तिच्या काळ्या रुमालाकडे पाहिलं. "अक्का, का ते तुला ठाऊक आहे. माझ्या तोंडून कशाला वदवतेस?"

"बघितलंस?" त्सोना जावयाकडे वळली. "उत्तर नाही!"

"वळणावर कधी गेला होतात?" स्तोइलने भीत भीत विचारलं.

"इस्टरनंतर तिकडे फिरकले नाही. आता जा तुम्ही. सामान बांधायचंय."

परतताना स्तोइल डोकं खाजवत होता.

"आई, हॉलंडची माणसं बरी सरळ आली. त्याच वाटेने."

"त्यात काय? रूसकाला त्यांची भाषा येते का? ज्याच्याशी बोलता येईल त्याच माणसाला वळवणार ना ती!"

"आणि त्याआधी ते स्लिवेनचे नवरा-बायको?"

"तेही आले नाहीत. फोनसुद्धा नाही."

"आणि जर्मन पोरं?"

"ती आली. बूट घालून गादीवर झोपली."

"म्हणजे परके येतात आणि आपले फिरतात."

"तेच तर मी म्हणतेय! पोलीस तू आहेस की मी?"

*

शनिवारी वार्नाचं एक कुटुंब यायचं होतं. त्या बाईनेही आठवडाभर बेत आखला होता. मुलीला शेळीचं दूध मिळेल का, पाळणा आहे का, किल्ल्यावर चढायला सकाळ बरी की संध्याकाळ. रूसका त्यांनाही सोडायची नाही, अशी त्सोनाची खात्री होती.

वळणावर पडका बसथांबा आहे. दोघं त्यात लपले.

"आई, पोलिसाने असं लपणं बरं दिसत नाही."

"आत्ता तू पोलीस नाहीस, जावई आहेस. वाक."

निळी गाडी आली. आतून रेडिओ वाजत होता, पोरगी टाळ्या पिटत होती. वळणावर गाडी थांबली. एक माणूस उतरला आणि खांबापुढे उभा राहिला.

रूसका कुठेच नव्हती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

माणूस वर बघत राहिला. मग त्याने टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडीपाशी जाऊन बायकोला काहीतरी हळूच सांगितलं. बायकोने तोंडावर हात ठेवला. रेडिओ बंद झाला. गाडी अगदी सावकाश मागे वळली, जशी एखाद्या घरापुढून आवाज न करता जावी, आणि टर्नोवोच्या दिशेने निघून गेली. त्सोनाचे गुडघे सरळ होईपर्यंत रस्ता रिकामा झाला होता.

"आई, रूसका तर आलीच नाही," स्तोइल म्हणाला.

त्सोना रस्ता ओलांडून गेली. माणूस जिथे उभा होता तिथेच उभी राहिली आणि तिने त्याच्यासारखंच वर बघितलं. आठवडाभर ती या खांबाखालून गेली होती. बघितलं आज.

तिचा हात आपोआप डोक्यावरच्या रुमालाकडे गेला.

"काय झालं? कोण दिसलं?"

"चोर दिसली," त्सोना म्हणाली. तिचा आवाज स्तोइलने कधी ऐकला नव्हता असा निघाला. "पक्कड आहे का गाडीत? असू दे, नंतर. आधी रूसकाकडे चल. सरपंच किल्ली घ्यायच्या आत."

*

अंगणात सरपंच होता, रांगेतल्या तीन-चार बायका होत्या, दाराशी बांधलेली बोचकी होती. रूसकाच्या मुठीत किल्ली होती.

"थांब," त्सोना म्हणाली. "पुरावा आणलाय."

"दाखव," रूसका म्हणाली. "तेवढंच राहिलं होतं."

"मधे कुणी बोलू नका. एकदा थांबले तर मला पुन्हा सुरू करता यायचं नाही." त्सोनाने फाटकाचा दांडा धरला. "परके पाहुणे आले, आपले फिरले. मी म्हटलं, रूसकाने बोलून फिरवले. कुणीच बोललं नव्हतं. ते वाचून फिरले. परक्यांना आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून ते तेवढे आले."

"काय वाचून?" सरपंचाने विचारलं.

"वळणावरच्या खांबावर माझ्या गेंचोचं पत्रक आहे. मीच चिकटवलं. माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, तो गेल्याला वर्ष झालं म्हणून. मग मला नवी पाटी लावायची हौस आली. रूसकाच्या पाटीजवळ लावली असती तर चाललं असतं. पण मला वर हवी होती. वर पत्रक होतं. जावयाला मी बजावलं, फोटो झाकू नकोस. त्याने नाही झाकला. माथा तेवढा झाकला."

स्तोइल बुटांकडे बघत होता.

"आता खांब कसा दिसतो ऐका. वर तुतीची सराई. खाली काळी चौकट, गेंचोचा फोटो, शोकाकुल कुटुंब. वर्षाचं नाव नाही. त्याच्या खाली रूसकाची पाटी, खाटा आणि जेवण. येणाऱ्याला वाटणार, सराईचा मालक कालच गेला. आपला माणूस अशा घरी जेवायला जातो का? टोपी काढतो आणि पुढचं दार शोधतो. फोन करून त्रासही देत नाही. ल्युबेनने मला धीर धरा म्हटलं, मी त्याला शिव्या घातल्या."

"पण गावातल्या कुणाला कसं दिसलं नाही?" एका बाईने विचारलं.

"गेंचो गेल्याला वर्ष झालं हे गावाला पाठ आहे. पाठ असलेलं कोण वाचतं? मी तरी कुठे वाचलं?" ती रूसकाकडे वळली, पण नजर तिच्या चपलांपर्यंतच गेली. "तुला ते काय म्हणाले?"

"त्या घरात दुखवटा आहे, तिथे आम्ही कसं गायचं, म्हणाले," रूसका म्हणाली. "मला वाटलं, तुझं वर्ष सरायचं आहे म्हणून तूच त्यांना नको म्हटलंस. ते तुझ्या तोंडावर कशाला बोलू? पाहुणे गमावल्याचं दुःख तुला असणारच."



"तेव्हा चोर मी," त्सोना म्हणाली. "माझे पाहुणे मीच पळवले, आणि नाव तुझं घेतलं. सगळ्यांसमोर. तुझ्या आईचंही घेतलं. तिने कुणाची कोंबडी वळवली नव्हती. मला तेव्हा जिभेवर आलं, म्हणून बोलले."

एवढं सगळं सांगूनही आत कुठेतरी एक काटा उभा होता. आपल्या बाजूने धरायला तेवढाच होता.

"एक विचारते. त्या संध्याकाळचं गाणं. ते मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम गायला लावलंस ना? खरं सांग."

"हो," रूसका म्हणाली. "मुद्दामच."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"ते गेंचोदादासाठी होतं. मी ल्युबेनला म्हटलं, त्या घरात आत्ता गाणं व्हायचं नाही, पण कुंपणावरून आवाज गेला तर पाप नाही. मेलेल्यांसाठी म्हणतात ते म्हणा. अक्का ओट्यावर बसली असेल, तिला बरं वाटेल."

काटा गेला. धरायला काहीच राहिलं नाही.

वर्षातून एकदा, क्षमेच्या रविवारी, या गावात धाकटे थोरल्यांच्या हाताचं चुंबन घेऊन माफी मागतात. थोरली धाकटीपुढे वाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्सोना वाकली. रूसकाने हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. क्षमा केली असं ती म्हणाली नाही. मग तिने किल्ली सरपंचाच्या तळहातावर ठेवली.

*

पक्कड घेऊन त्सोना एकटीच वळणावर गेली. स्तोइलला तिने येऊ दिलं नाही. बसथांब्यातलं बाकडं ओढून ती त्यावर चढली. खिळे जावयाने भक्कम ठोकले होते, सासूच्या धाकाने. पाटी सुटली तेव्हा पत्रकाचा माथा दिसला. मधोमध खिळ्याने फाटलेला, पण वाचता येत होता.

मागे पावलं वाजली. रूसका. हातात हातोडी.

"माझी पाटी तुझ्या खाली लावते," त्सोना घाईने म्हणाली. "अगदी खाली."

"शेजारी लाव. गेंचोदादाच्या वर तेवढी कुणाची नको."

"मग तू... किल्ली..."

"किल्ली सरपंचाकडेच आहे, अक्का. आणायला तू जायचंस. पावाच्या दुकानावरून, रांग असेल तेव्हा." रूसकाने खिळा दातांत धरला. "आधी पाटी धर. नीट धर, तुझं सगळं वाकडंच असतं."

त्सोनाने पाटी धरली. हातोडीचे ठोके तिच्या मनगटांत शिरत होते. मान वर करायची तिची हिंमत झाली नाही. वर गेंचो होता.