ताई, नंबर आला असन

बोंडअळीच्या सालातली गोष्ट आहे. फेब्रुवारी सरत आला होता. दुपारची वेळ, आणि नेरच्या बसस्टँडामागच्या आपल्या दुकानात अफरोज एका गिऱ्हाइकाच्या सेट-टॉप बॉक्समधून पालीची अंडी काढत बसला होता. दोन फुटलेली, एक शाबूत. टीव्हीच्या मागे माणसं काय काय पोसतात ते केबलवाल्यालाच माहीत. झुरळांच्या लेंड्या, मुंग्यांची घरं, एकदा तर राउटरच्या पोटात उंदराची चार आंधळी पिल्लं निघाली होती. पंधरा वर्षं हा धंदा करूनही अफरोजला या घाणीची सवय झाली नव्हती. त्याला सरळ मळमळायचं.

बाकी माणूस कामाला चोख आणि जिभेचा गोड. आसपासच्या आठ गावांत त्याची केबल आणि नेटची दोनशे चाळीस कनेक्शनं होती. प्रत्येक घराचं कंपनीकडे एक खातं असायचं, आणि ते उघडायचं म्हटलं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर यायचा. हा नंबर कुणालाही सांगू नका, असं त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असायचं. पण एवढ्याशा कामासाठी दर वेळी सात-सात किलोमीटर गाडी कोण दामटणार? अफरोज दुकानातूनच फोन लावायचा. "ताई, नंबर आला असन. सांगा बरं." ताई सांगायच्या, दोन मिनिटांत काम व्हायचं. राउटरच्या डब्याचा पासवर्ड तर त्यानं सगळ्या घरांना एकच ठेवला होता, आणि विसरायला नको म्हणून तो प्रत्येक डब्यावर मार्करनं लिहूनही ठेवला होता. आपला अफरोजभाऊच तर आहे, त्याच्यापासून काय लपवायचं, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला सांगा, अफरोजला याचा थोडा माजच होता.

अंडी कागदात गुंडाळून फेकायला तो उठला, तेवढ्यात विमलताईंचा फोन आला. सात किलोमीटरवरच्या गावातलं हे शेतकऱ्याचं घर. नवरा सदाशिवराव दहा दिवसांपासून यवतमाळच्या दवाखान्यात होते, मुलगी खुशी पुण्यात नोकरीला. बाई घरात एकटी.

"अफरोजभाऊ, नेट बंद पडलं जी. लाल लाइट लागून राह्यला."

"काही नाही होत ताई. बटन बंद करा, शंभर मोजा, मंग चालू करा."

त्यांनी मोजलं. अगदी मोठ्यानं, एकही आकडा न गाळता. तरी लाइट लालच.

"मागची पिवळी वायर जरा दाबून पाहा. ढिली असन."

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"दाबली... पण भाऊ, वायर नरम लागून राह्यली. अन गरम."

"उन्हानं झाली असन."

"त्या खोलीत ऊन कुठून येते? छतालोग कापूस भरला आहे."

अफरोजनं विषय वाढवला नाही. "बरं, मी इथून पाहतो. तुमाले एक नंबर येईन."

"आता किती डाव देऊ भाऊ? सकाळपासून तीनदा दिला ना."

"कोणाले दिला?"

"तुमालेच."

अफरोजनं सकाळपासून विमलताईंना एकदाही फोन केला नव्हता. त्यानं तसं सांगितलं, तर बाई चक्क हसल्या. म्हणाल्या, मोबाइलवर तुमचंच नाव आलं, आवाज तुमचाच, अन बोलणंही तेच गोडगोड. अफरोजच्या मनात आधी आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं, की कुणीतरी भामटा खात्यात घुसला. त्यानं ठरलेला पासवर्ड टाकून कंपनीच्या साइटवर त्यांच्या डब्याचं पान उघडलं. घरातल्या नेटला काय काय जोडलंय त्याची यादी तिथे दिसते. एक टीव्ही, एक विमलताईंचा मोबाइल. आणि तिसरं नाव होतं, अफरोज. पुढे रेंजच्या चारही काड्या भरलेल्या. म्हणजे ते जे काही होतं, ते डब्याच्या अगदी जवळ होतं.

"ताई, घरी कोणी आलं आहे का?"

"नाही जी. पण काल खुशी व्हिडिओवर म्हणे, आई, तुह्या मांग कोण बसून आहे? मी वळून पाह्यलं, तं कापूसच होता."

अफरोजनं दुकानाचं शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

त्या वर्षीच्या कापसाबद्दल काय सांगावं! बोंड उघडलं की आत बोटाच्या पेराएवढी गुलाबी अळी वळवळायची. असल्या डागी कापसाला व्यापारी हातही लावत नव्हते, म्हणून लोकांनी तो भाव चढेल या आशेवर घरातच भरून ठेवला होता. आणि घरात कापूस राहिला की अंगाला खाज सुटते. सदाशिवरावांनी तर स्वतःला एवढं खाजवलं होतं, की पाठीची कातडी सोलून निघाली आणि दवाखान्यात न्यावं लागलं.

दारातच अफरोजच्या नाकात तो वास गेला. ओलसर, आंबूस, आजाऱ्याच्या गोधडीला येतो तसा. भिंतीवर अळ्या होत्या. चुलीजवळच्या पाण्याच्या पितळी गुंडावर होत्या, देवाच्या फोटोवर होत्या. विमलताई पुढे आल्या, त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत नखांचे लाल ओरखडे. बोलतानाही बाईंचे हात थांबत नव्हते.

"पाणी देऊ का?"

त्यांनी पुढे केलेल्या पेल्यात काहीतरी तरंगत होतं. अफरोजनं मान हलवली. त्याला त्या घराची किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःची लाजही वाटली. बाईचा काय दोष?

"ताई, आता नीट ऐका," तो म्हणाला. "मी आत जाऊन डबा रिसेट करतो, जुना पासवर्ड काढून टाकतो. तुमाले नवा नंबर येईन. तो तुम्ही सोता मोबाइलमधी टाका. मोठ्यानं म्हणू नका. कोणाले सांगू नका. मलेही नाही."

"तुमालेही नाही?"

"मलेही नाही. तो नंबर गेला तं तुमचं घर गेलं, असंच समजा."

त्या हो म्हणाल्या. घरात मोबाइलची रेंज येत-जात होती, म्हणून त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. अफरोज कापसाच्या खोलीत शिरला.

खोलीला एकच झरोका होता, तोही कापसानं बुजलेला. भरदुपारी आत दिवेलागणीसारखं वाटत होतं. डबा कोनाड्यात होता आणि त्याचा लाल लाइट समोरच्या ढिगावर पडला होता. कसलीतरी बारीक खरखर चालली होती. इतक्या अळ्या एकदम खायला लागल्या तर आवाज होतच असेल, असं अफरोजनं मनाला समजावलं. त्यानं टाचणीनं रिसेटचं बटन दाबलं. मग त्याचं लक्ष पिवळ्या वायरकडे गेलं. ती त्यानं स्वतः भिंतीतून बाहेर काढली होती, खांबापर्यंत. आता ती भिंतीकडे जातच नव्हती. ती सरळ कापसाच्या ढिगात गेली होती.

त्यानं वायर धरली. नरम होती, कोमट होती, आणि बोटांना चिकटली. तिच्या मागोमाग त्यानं हात ढिगात घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. आत ओल होती. हाताखाली शेकडो अळ्या वळवळत होत्या, आणि त्यांच्याही आत काहीतरी सावकाश वर-खाली होत होतं.

बाहेर विमलताईंचा मोबाइल वाजला.

आणि त्याच क्षणी अफरोजच्या कानाजवळ, ढिगाच्या आतून, कुणीतरी अगदी हळू बोललं.

"ताई... नंबर आला असन. सांगा बरं."

आवाज त्याचाच होता. तोच गोडवा, तीच लगट. आपला आवाज बाहेरून असा ऐकू येतो हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्या आवाजाची त्याला जेवढी शिसारी आली, तेवढी त्या अळ्यांचीही आली नव्हती.

"चार..." विमलताई अंगणात म्हणाल्या. "नऊ..."

"सांगू नका!" अफरोज ओरडला. "ताई, सांगू नका!"

"भाऊ, आतून कोणी ओरडून राह्यलं..."

"ओरडू द्या ताई," ढीग म्हणाला. "पुढचा आकडा सांगा."

आणि त्यांनी सांगितला. सहाच्या सहा. पंधरा वर्षं त्यानंच तर शिकवलं होतं, या आवाजानं मागितलं की द्यायचं.

ढिगाच्या आत त्याच्या बोटांत कुणाची तरी बोटं गुंतली. उकडल्यासारखी मऊ बोटं. त्यांनी त्याचा तळवा हळूच खाजवला. अफरोजनं सगळा जीव लावून हात मागे ओढला, तेव्हा कोपरापासून खाली त्याच्या हाताला काहीतरी पातळ, ओलं, पांढुरकं चिकटून आलं. सापाची कात असते ना, तसं. पण त्याला पाच बोटं होती. मनगटावर सोल्डरिंगच्या चटक्याचा डाग होता. अफरोजच्या मनगटावर जिथे आहे, अगदी तिथेच.

तो तिथेच भडाभडा ओकला. मग त्यानं प्लग उपटला, वायर तोडली, विमलताईंना हाताला धरून गाडीवर बसवलं आणि फाट्यावर आणून यवतमाळच्या बसमध्ये चढवून दिलं. नवऱ्याजवळ राहा, घरी परतू नका, एवढंच तो बोलला. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि बस हलल्यावर त्यांनी खिडकीची काच लावून घेतली.

फाट्यावरच्या हापशीवर त्यानं हात मातीनं घासला, कातडी लाल होईस्तोवर. मग मोबाइल काढला. उरलेल्या दोनशे एकोणचाळीस घरांना सांगणं भाग होतं. पहिला फोन विठ्ठलरावांना लावला.

"काका, आजपासून नंबर कोणालेच सांगू नका. माह्या आवाजात फोन आला तरी नाही."

"अरे, ध्यानात आहे बाप्पा," विठ्ठलराव म्हणाले. "आताच तं सांगतलं तू. फोनवर नाही द्याचा. तू सोता घरी येऊन घेणार आहे म्हणून."

अफरोजनं फोन कापला. त्यानं तांड्यावरच्या रुपीबाईंना फोन लावला.

"हो भाऊ, तुम्ही येता म्हणून चहा ठेवला. कापसाची खोलीबी उघडी करून ठेवली, तुम्ही म्हटलं तशी."

"मी नाही येऊन राह्यलो! दार लावा!"

"कोण बोलते?" रुपीबाईंचा आवाज एकदम बदलला, आणि त्यांनी फोन ठेवला.

असे त्यानं अकरा फोन केले. अकराही घरांना आधीच सांगून झालं होतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे त्याला स्वतःचं घर आठवलं. बायकोनं, नसरीननं, पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"नसरीन, सुन. दरवाजा बंद कर. कोई भी आया तो खोलना नहीं. मेरी आवाज में आया तो भी नहीं."

"कौन बोल रहे आप?" ती दबकत म्हणाली.

"अरे, मैं! अफरोज!"

"वो तो घर में हैं. खाना खा रहे..."

मागून भांड्याचा आवाज आला. मग सावकाश, घास चावत, त्याचाच आवाज. "किसका फोन है?"

"नंबर तो आपका दिख रहा जी. आवाज भी आपकीच..."

"मोबाइल गिर गया मेरा रस्ते में. किसी ने उठाया होगा. रख दे. ऐसे लोगों को कुछ बताना नहीं."

"नसरीन!" अफरोज किंचाळला, पण फोन बंद झाला होता. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. गाडीला किक मारायला पाय उचलला.

तेवढ्यात मोबाइल हातात थरथरला. मेसेज होता. त्याच्या स्वतःच्या घरचं कनेक्शन त्याच्याच नावावर होतं, म्हणून त्या खात्याचा नंबर त्याच्याकडेच यायचा. सहा आकडे, आणि खाली लिहिलेलं, हा नंबर कुणालाही सांगू नका. म्हणजे घरात शिरून, जेवायला बसूनही त्या दुसऱ्या अफरोजला अजून हे सहा आकडे हवे होते. ते दिले नाहीत तर घर कदाचित वाचेल. अफरोजनं मोबाइल छातीशी घट्ट धरला.

मग रिंग वाजली. पडद्यावर नाव आलं, नसरीन.

त्यानं उचलला.

"सुनो जी," नसरीन म्हणाली. इतक्या लाडानं ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. "नंबर आया होगा. बताओ ना."

आणि तिच्या आवाजामागे कुणीतरी एका लयीत, सावकाश, अंग खाजवत होतं.