जोडीची खूण

पाण्याखाली तोंडात नळी असते, त्यामुळे पाणबुड्यांचं सगळं बोलणं हातांवर चालतं. अंगठा आणि तर्जनीचा गोल केला की सगळं ठीक. अंगठा वर केला की ती शाबासकी नसते, ‘वर चला’ असा हुकूम असतो. आणि दोन्ही तर्जन्या शेजारी शेजारी चिकटवून दाखवल्या, की जोडीने राहा, जोडीदाराला सोडू नका. या भाषेत, पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणणाऱ्या बुडीमास्तरचा हात धरणारा त्या बंदरात दुसरा कोणी नव्हता. गढूळ पाण्यात लांबवर एखाद्या नवख्या पाहुण्याचं बोट थरथरलं, तरी हा घाबरलाय की याला नुसती थंडी वाजतेय, हे त्याला बरोबर कळायचं.

पाण्याबाहेर मात्र सगळा आनंदीआनंद होता. चाळिशीला टेकला तरी गडी एकटाच. भावाकडे राहायचा, वहिनीच्या हातचं जेवायचा. वाढता वाढता वहिनी म्हणायची, “भावजी, पाण्याखालचं तुम्हाला सगळं दिसतं. वर कोणी समोर येऊन उभं राहिलं, तरी विचाराल, कोण पाहिजे?” भाऊ हसायचा, म्हणून हाही हसायचा.

समोर येऊन कोण उभं होतं, ते वहिनीला ठाऊक होतं. बंदराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये, तो काम करायचा ते पाणबुड्यांचं केंद्र होतं. तिथे दिवसभर कॉम्प्रेसर धडधडायचा आणि त्याच्याशेजारी ती बसलेली असायची. पाणबुड्यांच्या पाठीवरच्या टाक्यांमध्ये हवा भरायची, म्हणून सगळे तिला हवावालीच म्हणायचे. माणसं कमी पडली की पाहुण्यांना घेऊन स्वतःही पाण्यात उतरायची. बुडीमास्तरचा फाटका हातमोजा तिने न सांगता शिवून ठेवला, तर हा म्हणाला, “वा! दुसराही उसवलाय.” एकदा तिने विचारलं, “सुट्टीच्या दिवशी काय करता?”

“टाक्या धुतो.”

“मी येऊ?”

“ये की. ब्रश दोन आहेत.”

ती खरंच आली. धुतलेले केस मोकळे सोडून, निळा नवा शर्ट घालून आली आणि दुपारभर टाक्या घासत बसली. पोरगी कामाला वाघ आहे, एवढंच बुडीमास्तरच्या मनात आलं. घरी जाऊन त्याने वहिनीला तसं सांगितलंही. वहिनीने कपाळावर हात मारला.

मग ती सकाळ आली. बोटीत एक फोटोवाला पाहुणा होता आणि दोन नवखे होते. इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. हवावाली समोरच्या फळीवर बसली होती. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही तर्जन्या जुळवल्या, त्याच्याकडे बोट दाखवलं, नंतर स्वतःकडे, आणि भुवया उंचावल्या. आज जोडी कोणाशी कोणाची, असं विचारतेय, हे बुडीमास्तरने ताबडतोब ओळखलं. त्याने जोरात मान हलवून नाही म्हटलं. नवख्यांकडे बोट करून, हे माझ्याबरोबर. फोटोवाल्याकडे बोट करून, तू याच्याबरोबर. तिने हात मांडीवर घेतले. मग अंगठा आणि तर्जनीचा गोल करून दाखवला. ठीक आहे.

फोटोवाला एकटाच वर आला. खडकाच्या कडेपर्यंत बाई माझ्या मागे होत्या, मग वळून पाहिलं तर नव्हत्या, एवढंच त्याला सांगता आलं. आजूबाजूच्या बंदरांतले पाणबुडे आले, सरकारी बोट आली. सगळा तळ पालथा घातला. तिच्या पायातला फिनसुद्धा मिळाला नाही. कागदावर ‘अंतःप्रवाह’ असं लिहून लोक आपापल्या घरी गेले. बुडीमास्तर मात्र लोकांनी शोध थांबवल्यावरही जात राहिला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. जेवणावरची वासना उडाली होती, आणि कॉम्प्रेसरपाशी दुसरं कोणी बसलेलं दिसलं की तो पाठ फिरवून उभा राहायचा.

पुढच्या मोसमात पाहुणे पुन्हा यायला लागले. एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरल्या आणि खूश होऊन वर आल्या. केस पुसता पुसता म्हणाल्या, “तुमच्या त्या बाई फार मायाळू हो. मी घाबरले तर त्यांनी माझा हातच धरला.”

“कोणत्या बाई?”

“तुमच्या डाव्या अंगाला होत्या त्या. कुठे गेल्या?”

बुडीमास्तर हसला. खोल पाण्यात डोकं थोडं हलकं होतं, डोळे फसतात, हे त्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण स्वतःच्या हाताकडे बघत होत्या.

नंतर बोटवाले काका बोलले. काका स्वतः कधी पाण्यात उतरत नसत. खाली कोण कुठे आहे, याचा हिशोब ते वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून ठेवायचे. दोरी गुंडाळताना सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “आज चौघं गेला होतात का रे?”

“तिघं.”

काकांनी दोरीचा वेढा पुरा केला. मग म्हणाले, “वय झालं माझं.” पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि त्यानंतर बुडीमास्तर वर आला की काका त्याच्या डाव्या बाजूच्या पाण्याकडे पाहायला लागले.

ते त्याने घरी सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. वहिनी ओट्याशी उभी होती. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

“भावजी, मी एक गोष्ट पोटात ठेवली होती. जखमेवर मीठ नको म्हणून. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी इथे आली होती. म्हणाली, वहिनी, बोलून त्यांच्या डोक्यात शिरत नाही. उद्या त्यांच्याच भाषेत विचारते.”

“काय विचारते?”

वहिनीने दोन्ही तर्जन्या जुळवल्या. त्याच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. “अशी काहीतरी खूण करून दाखवली मला. विचारलं का तिने?”

“विचारलं.”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

बुडीमास्तरने ताटातला हात काढून घेतला. “नाही म्हणालो.”

त्या रात्री भाऊ-वहिनीने त्याला पहिल्यांदा रडताना ऐकलं. मोठा माणूस रडताना फार वाईट आवाज येतो. उजाडल्यावर तो उठला, तोंड धुतलं आणि चहासुद्धा न घेता बंदरावर गेला. चुकीचं का होईना, उत्तर आपण दिलेलं आहे. खरं उत्तर द्यायचं राहिलंय. तिच्यापर्यंत ते पोचवता आलं नाही, तर यापुढे आपल्याच्याने जगवणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

काकांनी इंजिनाला हात लावला नाही. “जोडीदाराशिवाय मी कोणाला खाली सोडत नाही. नियम तुझाच आहे.”

“जोडीदार आहे,” बुडीमास्तर म्हणाला.

काकांनी बोटीत पाहिलं. दोघांशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी इंजिन सुरू केलं.

खडकापाशी पोचल्यावर बुडीमास्तरने घाईघाईने सामान चढवलं, काकांकडे न बघता मास्क ओढला आणि पाठीवर पडत पाण्यात गेला.

खाली पाणी स्वच्छ होतं. खडकाची कड उन्हात पिवळसर दिसत होती आणि तिच्यापलीकडे तळ एकदम काळा होत गेला होता. कडेला वाळूवर त्याने गुडघे टेकले. आपल्या श्वासाचा आवाज सोडला तर कानांत काही नव्हतं.

त्याने दोन्ही तर्जन्या जुळवल्या. काळ्या पाण्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. मग मान डोलावली. हो. पुन्हा केलं. हो. हो.

काही झालं नाही.

तो तसाच बसून राहिला. किती वेळ, ते त्याने पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने घड्याळाच्या, खोलीच्या की टाकीतल्या हवेच्या, कुठल्याच काट्याकडे पाहिलं नाही. मास्कमध्ये पाणी साचत होतं, ते आतलंच होतं.

मग लहान माशांचा एक मोठा थवा खडकावरून उतरला आणि सरळ त्याच्या दिशेने आला. त्याच्याजवळ येताना तो फाटला. त्याच्या उजवीकडून मासे गेले, आणि डावीकडून गेले ते बरेच लांबून. दोन माणसांना वळसा घालावा इतकी जागा सोडून गेले.

त्याने हळूच डावीकडे पाहिलं.

हातभर अंतरावर, कोणीही नसलेल्या जागेतून बुडबुडे निघत होते.

तो श्वास घ्यायचा, तेव्हा ते थांबायचे. सोडायचा, तेव्हा निघायचे.

त्याच्या स्वतःच्या तोंडातून एकही निघत नव्हता.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. फार बरं वाटलं, आणि तेवढंच वाईट वाटलं. आता वर गेलं नाही तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात त्याच्या डाव्या दंडाखाली कोणीतरी हात घातला आणि त्याला हळूच वर रेटलं.

शिडीपाशी काकांनी त्याला जवळजवळ उचलूनच आत घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. “मेलास वाटलं मला. एवढा वेळ कोणी राहतं का?”

बुडीमास्तर फळीवर बसून राहिला. त्याचे दात वाजत होते. टाकीतून हवा सोडणारी चावी बंद करायला काका त्याच्या मागे गेले. पाठीवर असते ती; एकट्याचा हात तिथवर नीट पोचत नाही. पाण्यात जाण्याआधी ती उघडली आहे ना, हे बघण्याचं काम जोडीदाराचं.

काकांचा हात चावीवरच थांबला. त्यांनी ती बंद करायच्या दिशेने फिरवून पाहिली. मग पुन्हा एकदा.

“अरे,” काका अगदी हळू म्हणाले, “ही तर घट्ट बंद आहे.”

त्यांनी चावी उलटी फिरवली. बुडीमास्तरच्या खांद्यावरून गेलेल्या नळीत त्या दिवशी पहिल्यांदा हवा शिरली, आणि त्याच्या मांडीवर पडलेला हवेचा काटा शून्यावरून उठून भरलेल्या टाकीवर जाऊन थांबला.